निळी सून

रोह्याहून ताईचा फोन रात्री साडेअकराला आला म्हणजे कुणीतरी गेलं, असं धरूनच मी उचलतो. या वेळी कुणी गेलं नव्हतं. उलट कुणीतरी येण्याच्या बेतात होतं.

"झोपलास?"

"झोपलो होतो."

"बरं झालं. ऐक. त्याचं कुठंतरी जमलंय."

'तो' म्हणजे माझा भाचा. वय एकतीस, धाटावच्या एमआयडीसीत शिफ्टची नोकरी, स्वतःचं घर, मागे सहा नारळ, व्यसन नाही. हे मला तोंडपाठ आहे, कारण गेली चार वर्षं मी ते लोकांना फोनवर सांगतो आहे. लग्नात मामाला जो मान असतो तो अर्ध्या तासाचा. त्याआधीची हमाली वर्षानुवर्षांची. दोन ठिकाणी तर पोहे खाऊन झाल्यावर मुलीनेच विचारलं, "पुण्याला बदली होईल का?" एकीने बदलीचं विचारलं नाही, मुंबई-गोवा रस्ता कधी पूर्ण होईल ते विचारलं. चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. आमच्याकडे तिला द्यायला तारीख नव्हती.

"कशावरून जमलं?" मी विचारलं.

"रोज रात्री खोलीतून बाईचा आवाज येतो. इंग्रजी बोलते. मध्येच एक पुरुषही बोलतो, जाड आवाजाचा, साहेबासारखा. आपला मात्र गप्प असतो."

"मग तो कोण?"

"तिचा बाप असणार," ताई म्हणाली. "घरचे बोलण्यात आहेत म्हणजे घराणं चांगलं आहे."

दुसऱ्या दिवशी मी पेणला दिव्याहून येणारी रोहा गाडी पकडली. या मार्गाबद्दल माझा एक जुना सिद्धांत आहे. पेण तालुक्यातल्या गागोद्याला १८९५ साली विनोबा जन्मले आणि त्यांनी आयुष्यभर ब्रह्मचर्य पाळलं. रोह्याने चिंतामणराव देशमुख दिले. हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. १९५३ मध्ये, वयाची पंचावन्न उलटल्यावर, अर्थमंत्रिपदावर असतानाच, त्यांनी नियोजन आयोगातल्या दुर्गाबाईंशी लग्न केलं, आणि साक्षीदार म्हणून पंडित नेहरू होते. म्हणजे एका टोकाला कडकडीत वैराग्य आणि दुसऱ्या टोकाला मंत्रिमंडळाच्या देखरेखीखालचं प्रेम. मधे कासू, नागोठणे आणि निडी. आमच्या बाजूची बहुतेक मुलं निडीच्या आसपास कुठंतरी अडकलेली असतात.

भाचा घरीच होता, रात्रपाळी संपवून उठलेला. आडवळणाने विचारायचं ठरवून गेलो होतो, पण पाणी पिऊन होईपर्यंत ताईच ओरडली, "मामाला दाखव ती."

त्याने दाखवली. संगणकाच्या पडद्यावर एक मुलगी उभी होती. निळी. डोक्याला केस नाहीत, केसांच्या जागी मागे दोन लांबलचक मांसल शेपट्या लोंबताहेत.

तपशील असा. खेळाचं नाव 'स्टार वॉर्स: दि ओल्ड रिपब्लिक'. बायोवेअर कंपनीने तो डिसेंबर २०११ मध्ये काढला. म्हणजे आमचा महामार्ग खणायला घेतला त्याच वर्षी. खेळ पूर्ण झाला. पुढच्या वर्षअखेरीस तो फुकटही खेळता येऊ लागला. जगभरचे लोक इंटरनेटवरून एकाच विश्वात हिंडतात, प्रत्येकाचं एक सोंग, आणि प्रत्येक सोंगाला संगणकाने दिलेले सोबती. भाच्याचं सोंग सिथ नावाच्या पंथातल्या योद्ध्याचं. जाड आवाजाचा तो साहेब म्हणजे तिचा बाप नव्हता, स्वतः आमचा भाचाच होता. आणि ही वेट, त्याची सोबतीण. कॉलेजात असताना, २०१३ मध्ये, त्याने तिच्याशी लग्न केलं.

"बारा-तेरा वर्षं झाली?" ताई दारातूनच म्हणाली. "आणि मला आत्ता सांगतोस?"

मग तिने रीतसर चौकशी सुरू केली. मला वाटलं होतं ती रडेल. पण चार वर्षं स्थळं बघून बघून तिचं यंत्र असं चालू झालंय, की समोर काय आहे याने आता फरक पडत नाही.

"रंग?"

"निळा."

"सावळी म्हणायचं. गोरी मिळत नाही का?"

"मिळते. रंगरूप बदलायची सोय आहे. पण मला अशीच आवडते."

इथे ताई क्षणभर थांबली. मुलाला रंगाची अट नाही ही गोष्ट पोह्यांच्या कार्यक्रमांत सांगितली असती तर एव्हाना जमलं असतं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"आई-वडील?"

"ती गुलाम होती. मला मिळाली तेव्हा गळ्यात पट्टा होता. बटण दाबलं की झटका बसतो तसला. मी काढून टाकला."

"आणि घरात काय करते?"

"लढायला बरोबर येते. मला लागलं तर बरं करते. सामान आणते, वस्तू बनवते. आणि माझ्याकडचं भंगार विकून येते. मिनिटभरात जाऊन येते."

यावर मात्र ताईचा तोल गेला. माळ्यावरचं भंगार काढ म्हणून ती त्याला दोन दिवाळ्या सांगते आहे. त्यात कैलासवासी भावोजींची सायकल आहे, तीन बंद पंखे आहेत आणि एक कसलातरी बंब आहे. "तिला म्हणावं, एकदा माळ्यावर चढ," एवढं बोलून ती चहा टाकायला गेली.

आम्ही दोघंच राहिलो तेव्हा मी मुद्द्याला हात घातला. हे प्रेम जमतं कसं? त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. पूर्वी आपुलकीचे दहा हजार गुण असायचे. तिच्या मनासारखं बोललं की थोडे वाढायचे, मनाविरुद्ध वागलं की कमी व्हायचे. नाहीच जमलं तर भेटवस्तू. कोणत्या सोबत्याला काय आवडतं याचे तक्ते लोकांनी करून ठेवले होते. भेटी देत राहिलं की गुण भरायचे, आणि गुण भरले, गोष्ट पुढे सरकली की ती मन मोकळं करायची.

मला आमच्या बैठका आठवल्या. तिथेही तक्ता असतोच: पगार, गुंठे, पत्रिकेचे छत्तीस गुण. फरक एवढाच की छत्तीसपैकी अठ्ठावीस जुळवून, पेणचे पोह्याचे पापड दोन डझन घेऊन गेलो तरी मुलगी "घरी विचारून कळवते" म्हणते. आणि कळवत नाही. वेट कळवते. तेही ताबडतोब.

ऑनलाइन खेळांनी असलं प्रेम पुरवावं की नाही, यावर खेळणाऱ्यांत दोन तट आहेत असं भाचा म्हणाला. एक तट म्हणतो, आम्ही राक्षस मारायला आलोय, चाळे बंद करा. २००४ सालचा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' याच पंथातला. त्यात लोक वर्षानुवर्षं ड्रॅगनच्या मागे आहेत आणि संगणकाचं एकही पात्र त्यांच्याशी लाडात येत नाही. दुसरा तट म्हणतो, महिनोन्‌महिने खांद्याला खांदा लावून लढल्यावर माणसाला काही वाटणारच. तिसरा मार्ग जपान्यांचा. त्यांच्या 'फायनल फँटसी १४' मध्ये खेळणारी खरी माणसंच एकमेकांशी आतल्या आत लग्न करतात. साधं लग्न फुकट, सोन्याचं आणि प्लॅटिनमचं पैसे भरून. हे ऐकून मला आमच्या मंगल कार्यालयांची दरपत्रकं आठवली. आत प्रेम असो-नसो, आइस्क्रीमचा दर वेगळा.

प्रेमाचा दुसरा टोकाचा प्रकार 'बाल्डर्स गेट ३' मध्ये झाला. बेल्जियमच्या लारियन कंपनीचा हा खेळ २०२३ मध्ये आला आणि लोकांच्या लक्षात आलं की तळावर रात्री जो तो सोबती गळ्यात पडायला बघतोय. जादूगार तर जेवणाआधीच. लोक म्हणाले, वा, काय मोकळं लिखाण आहे! मग कंपनीच्या प्रमुखानेच खुलासा केला की तो मोकळेपणा नव्हता, बग होता. प्रेमात पडायची पातळी चुकून खाली लागली होती. मला ही फार मोठी सोय वाटते. आमच्या तरुणपणी असं कुणी येऊन सांगितलं असतं तर रोह्यातली किमान तीन घराणी आज एकमेकांशी बोलत असती.

पण भाच्याच्या संसारातला खरा प्रसंग २०१५ चा. त्या ऑक्टोबरात कंपनीने खेळाचा नवा भाग काढला. त्यात नायक गोठवला जातो आणि कथेतल्या पाच वर्षांनी जागा होतो. जागा होऊन बघतो तर बायको नाही. सगळेच सोबती पांगलेले. वेट २०१६ मध्ये परत आली. इतर काहींचे जोडीदार त्याहून उशिरा आले. तोवर लोक काय करत होते, विचारलं तर भाचा म्हणाला, "वाट बघत होते."

हे मला लगेच कळलं. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकजण मुंबईला गिरणीत नाहीतर कुवेतला, आणि दुसरी इथे चुलीपाशी. गणपतीला दहा दिवस भेट, मग पुन्हा पत्र. आमच्या आजीने हा खेळ चाळीस वर्षं खेळला, तोही फुकट नव्हे. फक्त आमच्याकडे माणूस का येत नाही ते माहीत असायचं: रजा नाही. वेट का येत नाही, तर कंपनीने पुढचं प्रकरण लिहिलेलं नाही. आमच्या नदीचंही तसंच. कोलाडला कुंडलिकेत सकाळी तराफे सुटतात ते पाहायला पाहुणे येतात आणि म्हणतात, काय खळाळती नदी! भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सोडलं की ती खळाळते. सोडायचं थांबलं की दगड.

परत आल्यावर तरी सुख असावं, तर तेही नाही. पुढच्या भागात वेट आणि टोरियन नावाचा एक योद्धा असे दोघं शत्रूच्या तावडीत सापडतात, आणि एकालाच वाचवता येतं.

"मी वेटला वाचवलं," भाचा म्हणाला.

"टोरियन कोण?" चहा घेऊन आलेल्या ताईने विचारलं.

"दुसरं सोंग घेऊन खेळणाऱ्या बायका त्याच्याशी लग्न करतात."

"म्हणजे दुसरीचा नवरा मारलास?"

"तिच्या खेळात तो जिवंत असेल गं. माझ्यापुरता मेला."

ताईने कपबशी जरा जोरात ठेवली. "माझ्यापुरता मेला" हे वाक्य आमच्या घरात जमिनीच्या वाटणीनंतर दोन काकांविषयी वापरलं जातं. त्यामुळे तिला ते नीट समजलं.

मला मात्र वेगळंच खुपत होतं. पट्टा. त्याने काढला हे खरं, आणि मला त्याचं कौतुकही वाटलं. वीस वर्षांच्या पोराने हातात बटण असताना ते न दाबणं ही लहान गोष्ट नाही. पण बटण कंपनीने दिलेलं होतंच. जिच्या गळ्यातला पट्टा काढायचा की ठेवायचा हे मी ठरवणार, जिच्या आवडीचा तक्ता माझ्या खिशात, जी माझं भंगार विकणार, तिने "हो" म्हटलं यात नवल ते काय? आमच्या त्या पुण्याची बदली विचारणाऱ्या मुलीचा मला तेव्हा राग आला होता. रोह्यातल्या त्या खुर्चीवर बसून तिच्याविषयी थोडा आदर वाटायला लागला. तिला नाही म्हणता येत होतं, आणि तिने पोहे संपवून म्हटलं.

म्हणून माझं मत असं, की द्या प्रेम. खेळात खुशाल द्या. बंदी घालून कुणाचं भलं होत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू मुलांनी नवरदेवाचा वेश करून, घोड्यावर बसून, वाजत-गाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता, की मुली मिळत नाहीत, गर्भलिंगनिदानबंदीचा कायदा नीट राबवा. मागणी रास्तच होती. पण कलेक्टर काही मुलगी देऊ शकत नव्हते. अशा गावोगावच्या पोरांना रात्री कुणी "आज थकलास का?" विचारत असेल, भले निळी असो, तर ते काढून घेणारे आपण कोण? फक्त खेळात तिला रुसता यावं. दहा हजार गुण भरल्यावरही एखाद्या दिवशी तिने म्हणावं, भंगार तूच विक. आणि महिन्यातून एकदा तरी तिच्या आईने राहायला यावं.

भाच्याला हे पटलं नाही. आईने राहायला यायचा मुद्दा विशेष पटला नाही.

निघता निघता त्याने मला ताफ्याचा तळ दाखवला. खेळातली सगळी मंडळी लढायांच्या मधल्या वेळात जिथे जमतात ती जागा. एस.टी. स्टँडच म्हणा. मोठं गोल सभागृह, लोकांची ये-जा, कुणी उगाच उड्या मारतंय. आणि बघता बघता मला ती दिसायला लागली. एका दांडगोबाच्या मागे एक वेट. तिकडे कोपऱ्यात एक वेट. जिन्यापाशी दोघं नवरे शेजारी शेजारी उभे, दोघांच्या पाठीमागे एकेक वेट, एकसारख्या उभ्या, वजन एकाच पायावर.

"या सगळ्या...?"

"प्रत्येकाची वेगळी," तो म्हणाला. "माझी ही."

त्या आवाजात जराही शंका नव्हती. मला भागवतातली रासक्रीडा आठवली. प्रत्येक गोपीला वाटतं, कृष्ण माझ्याच शेजारी. तिथेही निळा रंग होता. हे ताईला सांगितलं असतं तर तिने त्या मुलीला लगेच नैवेद्य दाखवला असता, म्हणून गप्प राहिलो.

श्रावणाच्या शेवटी भाचा पेणला आला, गणपती न्यायला. या दिवसांत आमच्याकडे पाहुण्याला बसायला जागा नसते. पेण, हमरापूर, जोहे, जिकडे जावं तिकडे ओसरीवर, पडवीत, मांडवात मूर्तीच मूर्ती. माझा एक मित्र आखणी करतो. म्हणजे फक्त डोळे. माती दुसरा मळतो, साचा तिसरा काढतो, अंगाचा रंग चौथा देतो. सगळं झालं की हा येऊन बसतो. डाव्या मुठीवर उजवं मनगट टेकवतो, श्वास धरतो, आणि केसाएवढ्या ब्रशने एका झटक्यात पापणीची रेघ ओढतो. रेघ ओढून होईपर्यंत त्याच्याशी कुणी बोलत नाही. नंतर तो स्वतःच इतका बोलतो की विचारू नका.

भाच्याने समोरच्या फळीवर नजर टाकली. एकाच साच्यातले पन्नास-साठ लंबोदर, एकाच बैठकीत, एकच हात वर. प्रत्येकाच्या पाटावर नावाची चिठ्ठी.

"काका, यातला आमचा कुठला?"

"चिठ्ठी बघ."

"पण सगळे सारखेच आहेत."

"साचा एकच हाय. तुझ्या आईला इचार. मागल्या वर्षी म्हनली, आमच्या बाप्पाची नजर बाकीच्यांपेक्षा येगली. त्या दिवशी मी दीडशे आखले होते."

भाचा माझ्याकडे असा वळला, की जणू खटला जिंकलाय. मग खिशातून मोबाइल काढून त्याने मित्रापुढे वेटचा फोटो धरला आणि दोन वाक्यांत सगळी हकिकत सांगितली.

मित्राने ब्रश पाण्यात ठेवला. हात पुसून मोबाइल घेतला, लांब धरला, जवळ आणला.

"सोंडा दोन?"

"सोंडा नाहीत त्या."

"आणि मागं? डावी की उजवी ते बगायचं कसं?" त्याने बोटांनी चित्र मोठं केलं. "रंग बरा चढलाय. सावली बी चांगली. हिला बुडवायचं कधी?"

"बुडवत नाहीत."

"कधीच नाय?"

"तेरा वर्षं झाली."

"मग पुढल्या वर्षी कारागिराने खायचं काय?" मित्र म्हणाला आणि पुन्हा चित्राकडे वळला. या वेळी तो बराच वेळ डोळ्यांकडेच बघत राहिला, मान एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. धंद्यातला माणूस दुसऱ्याचं काम बघतो तसा.

"बुबुळ जरा वर गेलंय रं," तो शेवटी म्हणाला. "ही तुझ्याकडं नाय बगत. तुझ्या खांद्यावरनं मागं बगते."

भाच्याने मोबाइल परत घेतला. उजवीकडे धरला, डावीकडे धरला, उठून दारात उजेडात गेला, तिथून थोडा वाकला. मित्राने पुढचा गणपती ओढून घेतला, मूठ टेकवली.

"पोरा, दारातनं सरक," तो म्हणाला. "उजेड अडतो."